गावात मूकपट दाखवायचा असेल तर

मूकपटात बोलणे नसते, त्यामुळे तो गावात दाखवणे सगळ्यांत सोपे, असा आमचा समज होता. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या आमच्या गावात पहिला खेळ केला तेव्हा आम्ही शाळेच्या भिंतीवर चित्र पाडले, दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या इंग्रजी पाट्या जशा आल्या तशा येऊ दिल्या, आणि पंधराव्या मिनिटाला समोर फक्त लहान मुले उरली. दुसऱ्या खेळाला मी स्वतः माइक हाती घेतला आणि पहिल्या दृश्यापासून बोलत सुटलो. कोण कुठून आले, का हसले, आता पुढे काय होणार, सगळेच. पडद्यावर आगगाडीच्या डब्यातला अगदी नाजूक प्रसंग चालू असताना पुढच्या सतरंजीवरून एक आजी म्हणाल्या, "मास्तर, चूप बसा ना जरा. दिसून राह्यलं आमाले." त्यानंतरचे सगळे खेळ आम्ही या एका वाक्याच्या धाकात बसवले आहेत, आणि मूकपट बोलका कसा करावा यापेक्षा तो कुठे मुका राहू द्यावा याचीच तयारी जास्त करावी लागते, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात चित्रपटाच्या निवडीपासून करावी. नुसत्या पडण्या-आपटण्याचा विनोदपट मुलांना पुरतो, पण मोठी माणसे अर्ध्या तासात उठून जातात. नुसत्या दुःखाचा असेल तर शंभर वर्षांपूर्वीचा अभिनय आजच्या डोळ्यांना भडक वाटतो आणि नको तिथे हशा पिकतो. प्रेम, हसू आणि थोडी जिवाची घालमेल एकत्र असलेला चित्रपट दोन्ही बाजू सांभाळतो. देशी मूकपट दाखवावा ही इच्छा रास्तच आहे, आणि बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ आमच्या कापूसपट्ट्यात किती मनाला भिडला असता हे सांगायला नको. परंतु आपल्याकडच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. चॅप्लिन सर्वांना ठाऊक असल्यामुळे लोक त्याची काठी आणि टोपी पाहायला येतात, गोष्ट पाहायला नव्हे. म्हणून आम्ही हॅरोल्ड लॉइड या अमेरिकी विनोदी नटाचा १९२४ सालचा ‘गर्ल शाय’ हा चित्रपट निवडला. तो सुमारे दीड तासाचा आहे, आणि पुढची सगळी उदाहरणे त्यातलीच आहेत.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत असल्याशिवाय पुढच्या सूचना कळणार नाहीत. लिटल बेंड नावाच्या खेड्यात काकाच्या शिंपीकामाच्या दुकानात हाताखाली काम करणारा हॅरोल्ड मुलींसमोर इतका अडखळतो की, कोणी शिटी वाजवली तरच त्याची जीभ मोकळी होते. आणि तरीही मुलींचे मन कसे जिंकावे यावर तो तरुणांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहितो. (मार्गदर्शन करणारा मजकूर लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट आधी एकट्याने पाहावा.) पुस्तक घेऊन शहरातल्या प्रकाशकाकडे जाताना आगगाडीत त्याची मेरी या श्रीमंत मुलीशी गाठ पडते. डब्यात कुत्रा नेण्यास मनाई असल्यामुळे तिचे छोटे कुत्रे लपवण्याच्या खटपटीत दोघांची ओळख होते, आणि पुस्तकाविषयी सांगण्याच्या भरात त्याचे अडखळणे कधी थांबले हे त्यालाही कळत नाही. प्रकाशक पुस्तक नाकारतो. आता आपल्याजवळ पैसा नाही, तेव्हा मेरीला मागणी घालणे योग्य नाही, असे ठरवून तो आपण तिचा केवळ पुस्तकासाठी उपयोग केला असे खोटेच सांगतो आणि तिला दूर करतो. पुढे तेच पुस्तक विनोदी म्हणून छापायचे ठरते, मेरीचे लग्न मात्र भलत्याशीच ठरलेले असते, आणि त्या नवरदेवाची पहिली बायको जिवंत असल्याचे हॅरोल्डला ऐन लग्नाच्या दिवशी कळते. मग मोटारी, ट्राम, घोडागाडी, पोलिसाची मोटारसायकल, जे हाती लागेल त्यावर बसून तो लग्नघर गाठतो.

हक्कांची आणि परवानगीची बाजू आधी मोकळी करून घ्यावी. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि अमेरिकेतही १९२४ सालचे चित्रपट १ जानेवारी २०२० पासून सर्वांसाठी खुले झाले आहेत. मात्र नंतर कोणी नवे संगीत बसवलेली प्रत असेल तर त्या संगीताचा हक्क वेगळा असतो. आपण तसाही आवाज बंद करून आपले वाजवणारे बसवणार आहोत, त्यामुळे ही अडचण उरत नाही. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राचा प्रश्न येतो; खेळ विनातिकीट आणि गावापुरता असला तरी तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, आणि ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद झालाच पाहिजे हे धरून वेळ ठरवावी.

यानंतर खरे काम सुरू होते, ते वहीचे. एक दोनशे पानी वही घ्यावी, चित्रपट लॅपटॉपवर थांबवत-थांबवत पाहावा आणि प्रत्येक इंग्रजी पाटी कोणत्या मिनिटाला येते, किती वेळ राहते, तिच्या आधी आणि नंतर पडद्यावर काय दिसते, हे लिहून काढावे. नंतर मराठी करावे, पण ते पाटीचे नव्हे, प्रसंगाचे करावे. पाटी पडद्यावर चार-पाच सेकंद राहते. तेवढ्यात आठ-दहा शब्दांपेक्षा अधिक बोलता येत नाहीत आणि बोलू नयेत. ज्या पाटीतले पुढच्याच दृश्यात दिसणार आहे, तिच्यापुढे वहीत सरळ फुली मारावी. आमच्या वहीत अशा फुल्या जवळजवळ एक तृतीयांश पाट्यांवर आहेत, आणि प्रत्येक खेळानंतर त्यांत भर पडते.

भाषेच्या बाबतीत आम्ही एक युक्ती केली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. खेड्यातले हॅरोल्ड आणि त्याचे काका यांना वऱ्हाडी बोलायला लावले, तर शहरातला प्रकाशक आणि तो नवरदेव यांना छापील प्रमाण मराठी दिली. कोण आपला आणि कोण परका हे यामुळे एक शब्दही न समजावता लोकांना कळते. प्रकाशक हॅरोल्डचे गंभीर पुस्तक विनोदी म्हणून छापताना त्याला जे नवे नाव देतो, त्याचा अर्थ ‘बावळटाची रोजनिशी’ असा होतो. आम्ही ते ‘भैताडाची डायरी’ असे केले, आणि त्या जागी हशा ओसरेपर्यंत पुढची पाटी वाचताच येत नाही. आगाऊ रकमेचा धनादेश तीन हजार डॉलरचा आहे. तो आकडा मुळीच उच्चारू नये, कारण आजच्या माणसाला तीन हजार म्हणजे सोयाबीनच्या एका पोत्याची गोष्ट वाटते; ‘मोठ्या रकमेचा चेक’ एवढे पुरे. हॅरोल्ड त्या चेकचे पाकीट नकाराचे समजून न उघडताच फाडतो, हे लोकांना दिसतेच, आणि बायाबापड्यांच्या तोंडून ‘अरे, अरे’ निघते. तिथेही सांगणाऱ्याने मध्ये पडू नये.

दोन ठिकाणी मात्र सांगणाऱ्याने स्पष्ट बोलले पाहिजे. हॅरोल्डच्या पुस्तकातली प्रकरणे चित्रपटात कल्पनादृश्यांच्या रूपाने येतात, आणि त्यांत तो स्त्रियांना मुठीत ठेवणारा बहाद्दर म्हणून मिरवतो. हे सगळे त्याच्या मनातले मांडे आहेत, प्रत्यक्षात त्याला एका मुलीशी दोन शब्द बोलता येत नाहीत, हे दृश्य सुरू होण्यापूर्वीच सांगावे, नाहीतर मागे बसलेली पोरे तेच खरे धरून चालतात. दुसरी जागा नवरदेवाच्या पहिल्या बायकोची. ती लॉकेटमधला फोटो दाखवते तो क्षण भरकन निघून जातो. तो निसटला तर पुढची सगळी धावाधाव कशासाठी हेच कळत नाही.

हॅरोल्डच्या अडखळण्याची नक्कल तोंडाने कधीही करू नये. गावात अडखळत बोलणारे एखादे मूल असतेच, आणि ते पुढच्या रांगेत बसलेले असते. शिवाय लॉइडने ते अडखळणे ओठांनी, डोळ्यांनी आणि गळ्यातल्या आवंढ्याने असे उभे केले आहे की, त्यावर आवाज चढवला की ते उणेच होते.

सांगणारा कोण असावा, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ नटांइतकेच प्रसिद्ध असत. आपल्याकडेही कीर्तनकार आहेत, खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांत काम करणारी माणसे आहेत. गावातला सर्वांत चांगला वक्ता निवडावा असे कोणालाही वाटेल, पण माझा सल्ला त्याला आभारप्रदर्शन देण्याचा आहे. दंडारीत सोंग घेतलेला माणूस निवडावा. हशा पिकला की थांबायचे, तो उतरणीला लागला की पुढचा शब्द टाकायचा, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. आमचे सांगणारे गृहस्थ दिवसा ट्रॅक्टर चालवतात, आणि त्यांनी वहीतली ओळ कधीच जशीच्या तशी वाचली नाही. माझी हरकतही नाही. त्यांना पडद्याच्या डाव्या बाजूला, लोकांकडे अर्धी पाठ करून, स्टुलावर बसवावे. लोकांकडे तोंड करून उभे राहिले की माणूस भाषण करू लागतो. वही वाचायला टॉर्चवर तांबडा जिलेटीन कागद बांधावा, म्हणजे उजेड डोळ्यांत येत नाही.

वाजवण्यासाठी गावचे भजनी मंडळ आहेच. पेटी, तबला किंवा ढोलकी आणि एक खंजिरी एवढे पुरते. टाळ दूर ठेवावेत, ते माइकवर कानठळ्या बसवतात. मंडळींना आधी एकदा पूर्ण चित्रपट दाखवावा, मगच वाद्ये काढू द्यावीत. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल वाजवली की लोक गाणे गुणगुणू लागतात आणि डोळे पडद्यावरून सुटतात. भजनाची चाल वाजवली तर प्रेमाच्या प्रसंगात म्हातारी माणसे हात जोडतात, हेही आम्ही पाहिले आहे. त्यापेक्षा हॅरोल्डसाठी चार सुरांची एक बारकी, थोडी अवघडलेली ओळ बांधावी आणि मेरीसाठी तीच ओळ सरळ, मोकळी वाजवावी. आगगाडीसाठी ढोलकीवर कहरवा पुरतो. दोघे बोलण्यात इतके रंगून जातात की गाडी शेवटच्या स्थानकात पोहोचून सगळे उतरून गेले तरी त्यांना पत्ता नसतो. इथे ढोलकी हळूहळू थांबवावी, पेटीचा एकच सूर धरून ठेवावा आणि सांगणाऱ्याने माइक खाली ठेवावा. आजींनी मला गप्प केले ते याच जागी.

शेवटचा पाठलाग बराच लांब आहे. ढोलकीवाला उत्साहाच्या भरात पहिल्याच मोटारीला दुप्पट लय घेतो, आणि घोडागाडी येईपर्यंत त्याचे हात भरून येतात. म्हणून दोन वादक ठेवावेत, लय एकपटीत सुरू करावी आणि प्रत्येक वाहन बदलताना थोडीथोडी चढवावी. या भागात सांगणाऱ्याला काही काम नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या लोकांना कोणी ‘हाण, हाण’ म्हणायला शिकवावे लागत नाही.

पडद्याची तजवीज साधी आहे. त्या काळच्या चित्राची रुंदी आणि उंची चारास तीन या प्रमाणात असते, त्यामुळे १२ फूट रुंदीला ९ फूट उंची लागते. ३६ इंची पन्ह्याच्या पांढऱ्या मांजरपाटाच्या तीन आडव्या पट्ट्या जोडल्या की जवळजवळ तेवढा पडदा होतो, आणि दोन्ही शिवणी मधोमध न आल्यामुळे नटाच्या नाकावरून जात नाहीत. शिवण्याचे काम गावच्या शिंपीदादांना द्यावे आणि चित्रपटाचा नायकही शिंपीकाम करणारा आहे हे त्यांच्या कानावर घालावे. खेळाची दवंडी निराळी द्यावी लागत नाही. वरच्या आणि खालच्या काठाला नेफा ठेवून त्यात बांबू घालावा, कोपरे सुतळीने ताणावेत आणि मागे काळी घोंगडी लावावी, म्हणजे उजेड आरपार जात नाही. चुना मारलेली सपाट भिंत असेल तर यातले काहीच नको. प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचे माप) आसपासचा पुरतो; बिछायत केंद्रात मिळाला तर दिवसा नव्हे, अंधार पडल्यावर लावून पाहावा. चित्र भरभर पळताना दिसले तर लॅपटॉपवर चित्रपट चालवणाऱ्या व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये गती थोडी कमी करावी, कारण मूकपटांचे चित्रण हाताने दांडा फिरवून होत असे आणि त्याची गती आजच्यासारखी ठरलेली नसे. आडव्या पडद्यात बसवण्यासाठी चित्र ताणू मात्र नये. सगळी माणसे बुटकी आणि जाड दिसतात.

दिवस ठरवताना पंचांगापेक्षा लाइनमनला विचारावे. ज्या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे पंपांची वीज, रात्रीची असते, त्या आठवड्यात हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलितासाठी पुरुष मंडळी वावरात असतात आणि खेळाला कोणी येत नाही. दिवसाच्या लाइनीचा आठवडा धरावा. पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर किडे-पाखरे प्रोजेक्टरच्या झोतात येऊन पडद्यावर कावळ्याएवढी दिसतात. तेव्हाच खेळ करायचा असेल तर चाळीस-पन्नास फुटांवर, लोकांच्या पाठीमागे, एक उघडा दिवा लावून ठेवावा. सर्वांत चांगला काळ डिसेंबर आणि जानेवारीचा, कारण साडेसहा वाजेपर्यंत अंधार पडतो आणि सातला सुरू केलेला खेळ पावणेनऊच्या आत संपतो. वेचणीवरून आलेल्या बायांना स्वयंपाक आटोपायला वेळ हवा, म्हणून सातच्या आधी सुरू करण्याचा हट्ट धरू नये. पूर्वेकडे, विदर्भाच्या झाडीपट्टी भागात, धान निघाल्यावर नाटकांचा हंगाम असतो. तिकडे शेजारच्या गावात नाटक असेल त्या रात्री मूकपट लावणे म्हणजे रिकाम्या सतरंज्या मोजणे होय.

वीज जाणार हे गृहीतच धरावे. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो, पण दिव्याचा प्रोजेक्टर तापलेला असताना एकदम बंद पडला की त्याच्या दिव्याचे आयुष्य कमी होते, म्हणून तो इन्व्हर्टरवरच जोडावा. तरीही अंधार झाला तर सांगणाऱ्याने पुढची गोष्ट सांगू नये. त्या वेळेसाठी एक वेगळी हकिकत राखून ठेवावी. आम्ही लॉइडच्या उजव्या हाताची ठेवली आहे. १९१९ साली छायाचित्र काढताना खोटा म्हणून हाती दिलेला बॉम्ब खरोखर फुटला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. त्यानंतरच्या चित्रपटांत तो ती बोटे असल्यासारखा दिसणारा हातमोजा घालून काम करत असे, आणि आता तुम्ही पाहत आहात त्यातले बरेचसे उड्या मारणे आणि लटकणे त्या हाताने केलेले आहे, एवढे सांगितले की अंधारातही कोणी उठत नाही. वीज आल्यावर सगळ्यांचे लक्ष त्या हाताकडे जाते, हा तोटा आहे. त्याच्या गोल चष्म्याला काचा नव्हत्या हे मुलांना सांगायला हरकत नाही, पण खेळ संपल्यावर.

शिटीची व्यवस्था सर्वांत शेवटी सांगतो. सुरुवातीच्या प्रसंगात हॅरोल्डची जीभ शिटीने मोकळी होते, तेव्हा खेळाच्या तासाची खरी शिटी अंगणात वाजवावी. दीड तासात वाद्ये आणि सांगणारा यांखेरीज शिटीचा एवढाच आवाज आपण बाहेरून घालतो, म्हणून तो नेमका हवा. शेवटी लग्नातून मेरीला उचलून आणल्यावर तो तिला मागणी घालू पाहतो, पण शब्द फुटत नाही, आणि तेव्हा मेरी रस्त्याने जाणाऱ्या टपालवाल्याला शिटी वाजवायला लावते. तिसऱ्या खेळाला या दोन्ही शिट्या आम्ही सहावीतल्या एका मुलाकडे दिल्या होत्या. दोन तालमी चोख झाल्या होत्या आणि पहिली शिटीही वेळेवर वाजली. शेवटच्या प्रसंगाला मात्र तो शिटी तोंडात धरून पडद्याकडे पाहत उभाच राहिला. पडद्यावरच्या टपालवाल्याने शिटी वाजवली, अंगणात आवाज नाही. मी वहीत बोट घालून त्याच्याकडे धावणार, एवढ्यात मागच्या रांगेतून, शंकरपटात जोडी सुटताना मारतात तशी तोंडाची शिटी आली, मग दुसरी, मग पोरांच्या बाजूने दहा-बारा, आणि त्या कलकलाटात हॅरोल्डने एकदाचे विचारून घेतले. तेव्हापासून पहिली शिटी आम्ही मुलाकडे देतो आणि शेवटची कोणाकडेच देत नाही.